भाजीच्या वाफ्यांवरून पेटलेला संप

कोपनहेगनच्या बंदरात रेफ्सहॅलेओन नावाचे बेट आहे. २०१४ साली युरोव्हिजन गीतस्पर्धा तेथील एका अवाढव्य शेडमध्ये रंगली. ती शेड मुळात गाण्यांसाठी नव्हे, जहाजांसाठी उभारलेली. गोदीचे नाव बर्माइस्टर अँड वेन.

१८४३ साली हान्स हाइनरिश बाउमगार्टन याने छोटी यंत्रशाळा काढली. बर्माइस्टर आणि पुढे विल्यम वेन हा इंग्रज अभियंता तीत सामील झाले. याच गोदीने १९१२ साली ‘सेलांडिया’ हे डिझेलवर चालणारे महासागरी जहाज बांधले. त्याला धुराडे नव्हते. एंजिनाचा धूर डोलकाठीतून बाहेर पडे. भट्टीपुढे होरपळत कोळसा लोटणाऱ्या कामगारांचे युग सरू लागल्याची ती खूण होती.

परंतु या गोदीची खरी कथा १९४४ च्या जूनमधली.

डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात होता आणि येथील डिझेल एंजिने जर्मन नौदलाला जात. त्यापायी जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटिश विमानांनी कारखान्यावर बॉम्ब टाकले होते. भूमिगतांचे घातपात वाढताच जर्मन प्रतिनिधी वेर्नर बेस्ट याने रात्री आठपासून पहाटे पाचपर्यंत संचारबंदी पुकारली. जूनमध्ये तेथे सूर्य दहाच्या सुमारास मावळतो! २६ जूनला सुमारे १,२०० कामगार दुपारीच गोदीबाहेर पडले. त्यांचे म्हणणे असे, की हा संप नव्हेच. शहराबाहेरच्या भाजीच्या वाफ्यांची निगा संध्याकाळी राखता येत नसेल, तर दुपारी राखणे भाग आहे. सबब बिनतोड होती. अन्नटंचाईच्या काळात भाजी पिकवणाऱ्या माणसाला देशद्रोही कसे ठरवणार?

इतर कारखानेही रिकामे झाले. बेस्टने संचारबंदी अकरापर्यंत पुढे ढकलली, पण लोक थांबले नाहीत. ३० जूनला अवघे शहर बंद पडले. जर्मनांनी पाणी, वीज आणि गॅस तोडले, रस्त्यांवर गोळीबार केला; सुमारे शंभर माणसे मेली. अखेरीस संचारबंदी मागे घ्यावी लागली आणि दहशत माजवणारे शालबुर्ग दल रस्त्यांवरून हटवावे लागले. कामगार जुलैच्या पहिल्या आठवड्यात कामावर परतले.

बंदुकांपुढे न झुकलेली ही गोदी बाजारापुढे मात्र टिकली नाही. १९८० साली एंजिनांचा व्यवसाय जर्मनीच्याच मान कंपनीकडे गेला, आणि १९९६ साली जहाजबांधणीचे दिवाळे निघाले.