विमानांनाही छप्पर हवे

विमान की चिमणी, हा वाद आम्ही सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे ऐकला. १५ जून २०२३ रोजी होटगी रोडच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली गेली. ९ जून २०२५ पासून गोव्याचे विमान सुरू झाले. तेव्हापासून घरोघरी पोरांना विमानांचे वेड लागले आहे. गोव्याला जाणार असाल, तर त्यांना बोगमाळोचे नौदल विमान संग्रहालय जरूर दाखवा. आपले विमान मोपाला उतरते आणि संग्रहालय दाबोळीजवळ आहे. म्हणून निम्मा दिवस हाताशी ठेवा. सोमवारी ते बंद असते.

१९९८ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात सी हॉक, अलिझे ही विमाने अंगणात उभी आहेत. शेजारचे सुपर कॉन्स्टेलेशन एकेकाळी एअर इंडियाचे प्रवासी घेऊन उडत असे. पण खारा वारा आणि गोव्याचा पाऊस धातूला सोडत नाही. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयाने तर २००३ साली डलेस विमानतळाजवळ विमानांसाठी दुसरी प्रचंड इमारतच बांधली.

सोलापूरची हवा कोरडी. आपल्या विमानतळालगतही असे एक छप्पर का नसावे? त्याखाली एखादे निवृत्त विमान असावे. नवव्या शतकात पंख बांधून झेपावल्याचे ज्यांच्याविषयी सांगतात, त्या कुर्तुब्याच्या अब्बास इब्न फिरनास यांची ओळख असावी. आणि चिमणीची हकिकतही असावी, ऊस उत्पादक आणि कामगारांच्या बाजूसह. विमानात बसताना आपल्या मुलांना तीही ठाऊक असली पाहिजे.