रिकाम्या खाचा

नवे घर पाहायला निघालेला माणूस दिवाणखान्याचा रंग पाहतो. गच्चीवरची पाण्याची टाकी पाहत नाही. संगणक जुळवणाऱ्यांचेही तसेच. तोंडी सदा प्रोसेसरचे नाव. ज्या मदरबोर्डावर तो बसायचा त्याची चौकशी शेवटी, खिशात उरतील तेवढ्या पैशांत.

माझी भाची वास्तुविशारदांना चित्रे करून देते. न बांधलेली इमारत उन्हात कशी दिसेल, ते संगणकाकडून रंगवून घ्यायचे. एकेका चित्रापायी यंत्र रात्रभर राबते. म्हणून तिला प्रोसेसर ‘ओव्हरक्लॉक’ करायचा होता, म्हणजे कारखान्याने नेमून दिल्यापेक्षा अधिक वेगाने पळवायचा. दोन वर्षांची शिल्लक तिने त्यासाठी मोडली होती. आमच्या बेलापूरच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

या नादाचाही इतिहास आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३०० ए हा स्वस्त प्रोसेसर निघाला. ठोका ६६ मेगाहर्ट्‌झचा, त्याची साडेचारपट म्हणजे ३००. शौकिनांनी ठोका १०० वर नेला आणि ४५० चा वेग फुकटात पदरात पाडून घेतला. ‘फुकट’ हा शब्द मात्र फसवा. वेग चढवायचा तर विजेचा दाब चढवावा लागतो, आणि त्या विजेची अखेर उष्णताच होते. उष्णता म्हटली की बेलापूरकराला पुढचे सांगावे लागत नाही. एका अंगाला पारसिकची टेकडी, दुसऱ्या अंगाला खाडी. मे महिन्यात पंख्याखालीसुद्धा सदरा पाठीला चिकटतो. थंड मुलखातल्या खोलीत जो प्रोसेसर सुखाने पळतो, त्याला इथे धावण्याआधीच घाम फुटलेला असतो.

प्रोसेसरला वीज लागते सव्वा व्होल्टाच्या आसपास. मदरबोर्डाकडे ती येते बारा व्होल्टांनी. हे उतरवण्याचे काम बोर्डावरच्या, प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या चिमुकल्या भागांचे. दीडशे वॅट खाणाऱ्या प्रोसेसरला सव्वा व्होल्टाने १२० अँपिअर प्रवाह पुरवावा लागतो. गीझरच्या १६ अँपिअरच्या प्लगला आपण केवढे जपतो! तेव्हा हे भाग किती, त्यांच्यावर धातूचे जाड आच्छादन आहे की नाही, हे आधी पाहावे. बोर्डावरचे रंगीत दिवे मागाहून पाहिले तरी चालतात. माझ्या मते न पाहिले तरी चालतात.

कुर्ल्याला आणि दादरला गाड्या बदलून आम्ही ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोड गाठला. त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण संगणकाचे सामान घ्यायला जाणारा माणूस जुनेच नाव घेतो. दुकानदाराने रॅमची दोन खोकी पुढे ठेवली. दोन्हींवर ६०००, एकावर बारीक अक्षरांत ३०, दुसऱ्यावर ४०. चाळिसाचे स्वस्त. मोठा आकडा म्हणजे हमाल किती ओझे वाहतो ते. लहान आकड्यावरून कळते, हाक मारल्यावर तो किती उशिरा हलतो. गणित सोपे आहे: लहान आकड्याला दोन हजाराने गुणा, मोठ्याने भागा. एकाचा उशीर दहा नॅनोसेकंद, दुसऱ्याचा तेरांहून जास्त. गंमत अशी, की मागच्या पिढीतल्या ३२०० च्या, १६ आकड्याच्या रॅमचा उशीरही बरोबर दहाच. ओझे जवळजवळ दुप्पट झाले, पण ‘ओ’ द्यायला तितकाच वेळ!

बोर्डावर रॅमसाठी खाचा चार. भाचीला चारही भरायच्या होत्या. दुकानदार म्हणाला, “मॅडम, मोठ्या दोनच घ्या. चार भरल्यात तर वेग उतरवावा लागेल.”

“मामा, मग दोन रिकाम्याच ठेवायच्या?” तिला ते पटेना, आणि त्याला कारण होते. आमच्या घरापासून जवळच चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात आखलेले आर्टिस्ट व्हिलेज आहे. सात-सात घरे एकेका अंगणाभोवती; कुणाची भिंत कुणाला चिकटलेली नाही, जेणेकरून ज्याला जमेल त्याने, जमेल तेव्हा आपले घर वाढवावे. मोकळी जागा उद्यासाठी असते हे तिने तिथे पाहिलेले. पण या खाचांना तो न्याय लागू नाही. इथे वाढ केली की घराची चाल मंदावते. उद्याची खरी सोय प्रोसेसरच्या बैठकीत असते. २०१७ मधल्या एएम४ बैठकीच्या कितीतरी बोर्डांवर २०२२ चा प्रोसेसरही बसला. तिने तिच्या पुढची, २०२२ मध्ये निघालेली एएम५ बैठक घेतली आणि दोन खाचा रिकाम्या सोडल्या.

हे सारे २०२५ च्या उन्हाळ्यातले. त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारलेल्या विदा-केंद्रांना ती पुरेना. तसली मोठमोठी केंद्रे आमच्याच ठाणे-बेलापूर पट्ट्यात, ऐरोली-महापे भागात आहेत. शेजारच्या लग्नघरामुळे आळीतले दूध महागावे, तसे झाले.

यंत्र जुळल्यावर भाचीने रॅम ६४०० वर चढवली आणि तपासणी रात्रभर लावून ठेवली. पहाटे पडद्यावर तांबडी ओळ: चूक एक. अब्जावधींत एकच! “एवढ्याने काय होते?” मी म्हणालो.

“काहीच न सांगता चित्र बिघडते, मामा. आणि खाली सही माझी असते.”

तिने आकडा मुकाट्याने ६००० वर आणला आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुकांच्या घरात शून्य होते. तिने चहा घेतला आणि उरणच्या एका बंगल्याची गच्ची रंगवायला लावली.