खिळा आणि गाठ

माझी तीस वर्षे सुतारकामात गेली. दोन लाकडे जोडायची म्हटली की हात आपोआप खिळ्याकडे जातो. ही सवय मोडली २०१९ च्या मे महिन्यात, गावच्या घराच्या पडवीत.

आदल्या वर्षी मुलगा बारावीत नापास झाला. मी चार माणसांत त्याला नको ते बोललो. तेव्हापासून आमच्यात जेवणापुरतेही बोलणे नव्हते. काय असेल तो निरोप त्याच्या आईमार्फत. अशात त्याने वाचनालयाच्या पुस्तकात कयाक नावाची होडी पाहिली आणि घरीच बांधायला घेतली. मला वाटले, रिकामटेकडे उद्योग! पण रंध्याचा आवाज आला की सुताराला बसवत नाही. मीही पडवीत गेलो.

कयाक ही ग्रीनलंडसारख्या बर्फाळ मुलखातल्या इनुइट लोकांची होडी. तिकडे मोठी झाडे जवळजवळ नाहीतच. समुद्राने वाहून आणलेले लाकूड घेऊन, खुंट्या मारून आणि चामड्याच्या वाद्यांनी बांधून ते सांगाडा करत. त्यावर सील प्राण्याचे कातडे चढवत. ते शिवण्याचे काम बायांचे. माप मालकाच्या अंगाचे असे. लांबी त्याच्या तीन वाव, बसायची जागा कमरेहून दोन मुठी रुंद.

आम्ही सागाच्या पट्ट्या घेतल्या. बांबूच्या कांब्या वाफेवर वाकवून फासळ्या केल्या. मुलगा प्रत्येक सांधा नायलॉनच्या दोरीने बांधत होता. मी म्हणालो, "बाज विणतोस काय? खिळा मार." तो गप्पच. मी हट्टाने मधल्या चार फासळ्या ठोकल्याच.

कातड्याऐवजी जाड कॅनव्हास आणला. तो हिने दाभणाने आठ दिवस शिवला. म्हणाली, "मापात चूक असंल तर दोघंबी आत्ताच सांगा. मी शिवण उसवणार नाय." वर तेलरंगाचे दोन हात दिले.

मोटारीची ट्यूब अंगात घालून मुलगा नदीच्या डोहात उतरला. होडी छान तरंगली. परतताना मात्र ती खडकावर घासली. घरी आणून आत हात घातला, तर माझ्या चारपैकी तीन फासळ्या खिळ्यापाशीच चिरलेल्या. बांधलेल्या सगळ्या शाबूत! हिची शिवणही जागची हलली नव्हती. धक्का बसला की दोरी थोडी ढील देते, लाकडाला वाकू देते. खिळा हटत नाही, म्हणून लाकूड फाटते.

मी पक्कड घेऊन खिळे उपटले. थोड्या वेळाने मुलाने दोरी माझ्यापुढे धरली. "आबा, गाठ दाखवू का?" वर्षभरात तो माझ्याशी आपणहून पहिल्यांदाच बोलला.

२०२० साली तो बारावी सुटला. श्रेय होडीचे नाही, अभ्यास त्याने केला. पण बंधूभगिनींनो, वयात आलेल्या लेकराला ठोकून सरळ करू पाहणाऱ्या बापांपैकी मी एक होतो, म्हणून हे लिहिले. ती गाठ मला आता न बघता येते.