सायकलच्या सुट्या भागांचा वर्षाचा हिशेब

बी-बियाणे, खते, औषधे, पंप, पाइप यांची आपण सगळे बारकाईने चौकशी करतो. कोणत्या दुकानातून आणले, किती टिकले, पैसे वसूल झाले का, हे चार ठिकाणी विचारल्याशिवाय शेतकरी खिशात हात घालत नाही. ओसरीला टेकून उभी असलेली सायकल मात्र या चौकशीतून सुटते. टायर गेला की दुकानदार हातात देईल तो टायर, ब्रेक गेला की मिळेल ते रबर. वास्तविक शाळेला जाणारी मुलगी, दूध घालायला जाणारा मुलगा आणि रात्री पाण्याच्या पाळीवर जाणारा गडी ही माणसे अजून सायकलवरच आहेत. त्यांचा जीव आणि वेळ त्या दोन चाकांवर असतो.

माझी नोकरी कृषी खात्यात, फिरती पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला. लांबच्या गावांना मोटारसायकल आहेच. पण रक्तातली साखर वाढली आणि डॉक्टरांनी रोज घाम गाळायला सांगितले, तेव्हापासून जवळची ५-६ गावे मी सायकलवर करतो. गेल्या वर्षी रोजचे सरासरी १२-१४ किलोमीटर झाले. याचा एक फायदा असा की मोटारसायकलवरच्या साहेबाला बांधावरचा माणूस नुसता हात करतो, सायकलवरच्याला थांबवून घेतो. हरभऱ्यावरची घाटेअळी मला या वर्षी कचेरीच्या कागदाआधी बांधावर कळली.

सायकली दोन आहेत. एक वडिलांची २८ इंची काळी, सळईच्या ब्रेकची. दुसरी मुलगा शिकायला पुण्याला गेला तेव्हा घरी राहिलेली, २६ इंची, जाड टायरची. दोन वाफ्यांत दोन जाती लावून पाहाव्यात, तसे मी दोन्हींवर वस्तू लावून पाहिल्या. डायरीत तारीख, वस्तू, किंमत आणि निकाल लिहीत गेलो. परीक्षा तीन होत्या: सराट्याचा काटा, काळ्या रानाचा चिखल आणि एप्रिल-मेचे ऊन. चौथी परीक्षा आमच्या बाजारगावच्या वयस्कर सायकल मिस्त्रींची. त्यांना सगळे चाचा म्हणतात. कोणतीही नवी वस्तू दाखवली की ते चष्मा वर सारून विचारतात, "साहेब, वस्तू झकास आहे. पण हिचा सुटा माल कुठं मिळतो, ते आधी सांगा." या प्रश्नात निम्म्या वस्तू नापास झाल्या.

आधी काट्याचे पाहू. खरीप निघाला की बांधावरचा सराटा वाळतो. त्याच्या फळाच्या पाच फाका होतात आणि प्रत्येक फाकेला दोन मोठे काटे असतात. ती कशीही पडली तरी एखादा काटा वर राहतोच. इंग्रजीत या वेलाला पंक्चर वेल अशाच अर्थाचे नाव आहे. अमेरिकेत हे तण इतके माजले, की १९६१ साली तेथील शास्त्रज्ञांनी इटलीतून दोन जातींचे भुंगे नेऊन त्यावर सोडले. एक त्याचे बी खातो, दुसरा खोड पोखरतो. आपल्याकडे मात्र टायरच राखावा लागतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर मी मुलाच्या सायकलच्या पुढच्या चाकात बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची काटारोधक पट्टी घातली आणि मागच्या चाकात जुन्या ट्यूबची पट्टी. पुढे ४ पंक्चर झाले. त्यांतले २ काट्याचे नव्हतेच, पट्टीच्या टोकाची कड घासून ट्यूबला चीर पडली होती. मागच्या चाकावर बसणाऱ्याचा भार जास्त असतो आणि पंक्चरही एरवी तिथेच जास्त होतात. तरी तिथे तीन महिन्यांत एकच पंक्चर झाले, तेही बाभळीच्या लांब काट्याने. बाभळीच्या काट्यापुढे कोणाचेच चालत नाही.

ही पट्टी घरीच होते. टाकाऊ ट्यूबचा वॉलचा भाग कापून टाकावा. उरलेली ट्यूब आतल्या अंगाने लांबच लांब चिरावी. चांगल्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिच्यावर ही कातडी गुंडाळावी, मध्ये थोडी अंगाला लावायची पावडर टाकावी आणि टायर बसवावा. सायकल किंचित जड चालते, पण खर्च शून्य. वर्षातली सर्वात आवडती वस्तू कोणती असे कोणी विचारले, तर पहिल्या दोनांत मी या टाकाऊ ट्यूबचे नाव घेईन.

ट्यूबमध्ये ओतायचा चिकट द्रवही पाहिला. बारीक काट्याची भोके तो मुकाट्याने बुजवतो, हे खरे. पण भोक मोठे पडले की सगळा चिकट माल बाहेर येतो आणि ओल्या ट्यूबवर ठिगळ काही बसत नाही. शिवाय आपल्या उन्हात तो आतल्या आत वाळतो. भरीव टायर आमच्या शेजारच्या दूधवाल्याने बसवले. पंक्चरची कटकट मिटली, पण खड्ड्याचा सगळा दणका चाकाला बसू लागला. दोन कॅन दुधाच्या ओझ्याने महिन्याभरात दोनदा तारा तुटल्या. त्याने पुन्हा हवेचे टायर बसवले.

हवेचा टायर पहिल्यांदा चालता केला तो एका गुरांच्या डॉक्टरने, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. जॉन बॉइड डनलॉप हे आयर्लंडमधील बेलफास्ट येथे जनावरांचा दवाखाना चालवीत. मुलाच्या तीनचाकी सायकलचे दणके कमी व्हावेत म्हणून त्यांनी चाकाला हवेची रबरी नळी बसवली आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून टायरचे मर्म हवेत आहे आणि आपण दुर्लक्ष करतो ते हवेकडेच. हवा कमी असेल तर खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि साप चावल्यासारखी दोन भोके पडतात. म्हणून दुसरी चांगली खरेदी म्हणजे दाब दाखवणारा, पायाने धरून मारायचा पंप. किती हवा हवी ते टायरच्या बाजूवर उठवलेलेच असते. दर आठवड्याला पाहून भरली, की टायर जास्त टिकतो आणि सायकल हलकी चालते. पेट्रोल पंपावरच्या मोठ्या हवेने मात्र जपून भरावी. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी असते, हात क्षणभर जास्त राहिला तर ती फुटते.

जुन्या काळ्या सायकलच्या वॉलमध्ये रबराची बारीक नळी असते. उन्हाने ती चिरते आणि पंक्चर नसताना हवा जाते. अशी बोटभर नळी पिशवीत ठेवावी. माझे दोन फेरे तिने वाचवले.

आता ब्रेक. इथे मला थोडे जास्त बोलायचे आहे.

माझी पुतणी नववीत आहे. शाळा ४ किलोमीटर. धाकट्या भावाने तिला हौसेने नवी सायकल घेतली. पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना मोटारसायकलसारखे चकतीचे ब्रेक. दिसायला देखणी. नोव्हेंबरात शाळेच्या आवारात सायकली एकावर एक पडल्या आणि पुढची चकती वाकली. चाक फिरेना. बाजारगावात तसे पॅड नाहीत, चकतीही नाही. सोलापुराहून माल येईपर्यंत ८ दिवस गेले. पोर ४ किलोमीटर पायी जाऊन पायी येऊ लागली. तिसऱ्या दिवशी घरात बोलणे सुरू झाले, "अंधार पडायच्या आत पोर घरात येत नाही. त्यापेक्षा चार दिवस घरीच राहू दे." चार दिवसांचे चार महिने कसे होतात, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. मी तिला सकाळी मोटारसायकलवर सोडत होतो, संध्याकाळी ती मैत्रिणीच्या कॅरिअरवर येत होती. म्हणून शाळा तुटली नाही. ज्या घरात असा काका मोकळा नाही, तिथे काय होत असेल?

चकतीचा ब्रेक वाईट नाही. चांगल्या प्रतीचा असेल तर चिखलात तो रिमच्या ब्रेकपेक्षा सरस आहे. पण स्वस्त सायकलवरचा, आणि ज्याचा माल तालुक्याला मिळत नाही असा, मुलींच्या शाळेच्या सायकलला घेऊ नये. अल्युमिनियमची रिम आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे साधे रबराचे ब्रेक घ्यावेत. त्यांचे रबर कोणत्याही दुकानात मिळते आणि पाना फिरवून मुलगी स्वतः ते बदलू शकते. पुतणीला मी तारेचा ताण कमी-जास्त करणे आणि चेन चढवणे शिकवले आहे. शॉकअपचेही तसेच. स्वस्त शॉकअप दणका कमी खातो आणि वजन जास्त वाढवतो.

वडिलांच्या सायकलचे सळईचे ब्रेक ३० वर्षे झाली तरी मोडत नाहीत. पण लोखंडी रिम पावसात भिजली की रबर तिच्यावर घसरते. अशा वेळी उतार यायच्या आधीच ब्रेक हलके दाबून रिमचे पाणी पुसून घ्यावे, मग तो धरतो. आणखी एक. काळ्या रानातला चिखल टायर आणि मडगार्ड यांच्या मधे असा बसतो की चाक जाम होते. बोटाएवढी फट ठेवून मडगार्ड बसवून घेतले, तेव्हापासून काठीने टोकरणे पुष्कळ कमी झाले.

चेनविषयी चाचांनी शिकवलेली युक्ती सर्वांनी करून पाहावी. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून दुसऱ्या पिनेचे अंतर अर्धा इंच असते. म्हणजे २४ जोडांचे बरोबर १२ इंच. शाळेची फूटपट्टी लावावी. माप १२ इंचांवर १ दोरा, म्हणजे इंचाचा आठवा भाग, गेले असेल तर चेन आणि मागचे फ्रीव्हील दोन्ही खाल्ले गेले समजावे. अर्धा दोरा गेला असतानाच चेन बदलली, तर फ्रीव्हील वाचते. इंजिनातले काढलेले काळे ऑइल चेनला ओतू नये, त्याला धूळ चिकटून चेन कानशीसारखी दात घासते. रॉकेल मिळत नसेल तर डिझेलने पुसावी, स्वच्छ तेल थेंबथेंब द्यावे आणि वरचे फडक्याने टिपून काढावे.

बाकीच्या निराशा थोडक्यात. सीटवर चढवायचे मऊ जेलचे कव्हर पहिले आठ दिवस गादीसारखे, नंतर एका बाजूला सरकते आणि पावसात पाणी पिते. सीटच्या नळीला आवळायचे अल्युमिनियमचे कॅरिअर खताची अर्धी पिशवीही पेलत नाही, हळूहळू चाकावर उतरते. ज्याच्या सळया खाली आसाच्या नटाला येतात, ते लोखंडी कॅरिअरच ओझ्याचे. प्लॅस्टिकच्या पायडलचा आस उन्हाळ्यात कुरकुरला. बदलताना ध्यानात ठेवावे, की डाव्या पायडलची आटी उलटी असते. जोर करून आटी मारली की गाडी थेट मिस्त्रीकडे.

आता शेवटची वस्तू, आणि माझ्या डायरीत तिला पहिला नंबर आहे.

गेल्या गळीत हंगामात शेजारच्या गावचा एक शेतमजूर रात्रीच्या विजेवर पाणी धरून पहाटे सायकलवर घरी निघाला होता. मागून उसाची ट्रॉली आली. चालकाला पुढे सायकल आहे हे दिसलेच नाही. माणूस जागीच गेला. घरी बायको आणि दोन लहान लेकरे. मी ती सायकल नंतर पाहिली. मागच्या मडगार्डावर लाल काच नव्हती, पायडलला पिवळे तुकडे नव्हते, दिवा तर नव्हताच. सायकल गडद, अंगावर घोंगडी गडद, रस्ता गडद.

त्यानंतर मी दिव्यांचे तीन प्रकार वापरून पाहिले. जुना डायनामो पावसात टायरवर घसरतो आणि सायकल थांबली की दिवाही विझतो. नेमके रस्त्यात थांबलेल्या सायकलला उजेड नसतो. स्वस्त चार्जिंगच्या दिव्याचा रबरी पट्टा उन्हाने मेमध्ये तुटला. स्क्रूने आवळायचा मागचा लाल दिवा मात्र वर्षभर टिकला. पण या सर्वांवर कडी केली ती चमकणाऱ्या लाल पट्टीने. तिला चार्जिंग नाही, सेल नाही. गाडीचा उजेड पडला की तो परत त्याच गाडीवाल्याच्या डोळ्यांकडे फिरवणे एवढेच तिचे काम. हातभर पट्टीत मागचे मडगार्ड, कॅरिअरची कड आणि खुरप्याचा दांडाही होतो.

चाचा आणि मी जानेवारीतल्या दोन बाजारांच्या दिवशी त्यांच्या दुकानासमोर बसलो आणि येईल त्या सायकलला ही पट्टी लावली. ६३ सायकली झाल्या. पट्टीचे पैसे आम्ही दोघांनी घातले. आधी लोक हसत होते, "साहेब, सायकलला कुंकू लावताय का?" दुसऱ्या बाजारी एक बाई नवऱ्याची सायकल स्वतः ढकलत घेऊन आली आणि म्हणाली, "दोन्ही बाजूंनी लावा दादा. हे रात्रीचं जात्यात."

तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनो, पावसाळ्यापूर्वी अवजारे तपासता तशी सायकलही तपासा. ब्रेकचे रबर, चेनचे माप, टायरची हवा आणि मागची लाल पट्टी. अर्ध्या तासाचे काम आहे. आणि गडी-माणसाची सायकल आपली नसली, तरी तो पाणी आपल्याच रानाला धरतो, म्हणून तिला पट्टी आपण लावावी.