हरणाचा नवा पाय

गोंडपिपरीतल्या आमच्या अंगणात सिमेंटचं एक हरीण आहे. घर बांधताना उरलेल्या मालातून बाबांनी ते मिस्त्रीकडून करून घेतलं होतं. मे महिन्याच्या वादळात कडुलिंबाची फांदी त्याच्यावर पडली. एक कान तुटला, पुढच्या पायाचा गुडघ्याखाली चुराडा झाला. फेकून द्यायला आईची तयारी नव्हती.

ओळखीचे म्हातारे मिस्त्री येऊन बघून गेले. पायातून बाहेर आलेली सळाख त्यांनी नखानं खरवडली, तर तांबडे पापुद्रे हातात आले. म्हणाले, "फांदीचं निमित्त झालं जी. हा पाय आतूनच सडला होता. वरून लिपून काई फायदा नाई."

त्यांचं बरोबर होतं. ताज्या सिमेंटातला क्षार लोखंडाला गंजू देत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत मुरला की तो क्षार कमी होतो. बारीक भेगांतून पावसाचं पाणी सळाखेपर्यंत पोचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि फुगत फुगत वरचं सिमेंट फोडतो. मग भेग बुजवली तरी पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा उघडते.

मेमध्ये काम करायला मिस्त्रींनी साफ नकार दिला. चंद्रपूर जिल्ह्यात तेव्हा पारा सत्तेचाळीसच्या घरात जातो. ओला माल घट्ट व्हायच्या आधीच सुकतो आणि भुरभुरीत राहतो. काम दिवाळीनंतर काढलं.

आधी छन्नीनं सगळा पोकळ भाग काढला, अगदी चांगलं, टणक सिमेंट लागेपर्यंत. सळाखेचा गंज तारेच्या ब्रशनं घासला. जिथं ती निम्मी उरली होती, तिथं वर शाबूत सिमेंटात भोक पाडून स्टेनलेस स्टीलची नवी सळई इपॉक्सीनं बसवली. त्यावर कोंबडीजाळी गुंडाळून तारेनं बांधली. कानाचा तुकडा आईनं जपून ठेवला होता. तो इपॉक्सीनंच जसाच्या तसा बसला.

सिमेंट आमच्याच जिल्ह्यातलं. गडचांदूर, आवारपूरकडच्या चुनखडीवर इथले कारखाने उभे आहेत. वर्धा नदीची रेती बारीक चाळून एकास तीन माल कालवला, पाण्यात थोडं लॅटेक्स घातलं. जुना भाग आधी पाण्यानं भिजवला, नाहीतर तो नव्या मालातलं पाणी शोषून घेतो. मग सिमेंटचा घोळ फासून तो ओला असतानाच पहिला थर दिला. एकदम जाड थर दिला तर तो स्वतःच्या वजनानं गळतो, म्हणून पाय थराथरानं चढवला. पायाचा आकार मिस्त्रींनी चमच्याच्या दांड्यानं काढला.

त्यानंतरचं काम आईचं. ओलं पोतं गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी. सिमेंटची ताकद मोजतात ती 28 दिवसांनी. पहिला आठवडा ते सुकू दिलं नाही, तरच ती पूर्ण येते. रंगही लगेच दिला नाही. ताज्या सिमेंटातल्या क्षारानं तेलरंग सोलून निघतो.

एक पावसाळा होऊन गेला. जोड नीट आहे. तुमच्या अंगणात असं काही असेल, तर तुटायची वाट बघू नका. भेगेतून तांबडा डाग ओघळलेला दिसला की त्याच हिवाळ्यात तेवढा भाग फोडून सळाख साफ करा.