कुंकळ्ळीचं पिंप

सिंगल माल्ट स्कॉटलंडचीच, आणि शेरीच्या पिंपातली असेल तर विचारायलाच नको, हे मत वऱ्हाडापासून मुंबईपर्यंत सारखंच ऐकू येतं. ते तपासायचं तर वऱ्हाडातल्या जऊळका स्टेशनावरून निघून, गोव्याचे किनारे नि जुनी चर्चं मागे टाकत कुंकळ्ळी गाठावी. मडगावचा टॅक्सीवाला कोलव्याला एका पायावर तयार असतो. कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीचं नाव काढलं की त्याचा उत्साह मावळतो. पण ‘पॉल जॉन’ ही सिंगल माल्ट तयार होते ती इथेच. गावाची जुनी ओळख मात्र वेगळी: १५८३ साली इथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांत अकबराच्या दरबारी राहून आलेला रुदोल्फो आक्वाविवा होता. चर्चचा इतिहास त्यांना हुतात्मे म्हणतो. आधी पाडलेली देवळं आणि नंतर बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केलेले गावप्रमुख त्या कथेत मावत नाहीत. गावातलं या प्रमुखांचं स्मारक पाहिल्यावरच कथा पुरी होते.

व्हिस्कीचंही तेच, शेवटचा थर मूळ झाकतो. शेरी ही स्पेनची वाइन ब्रिटनला पिंपांतून जायची तेव्हा रिकामी पिंपं व्हिस्कीवाल्यांना मिळत. १९८० च्या दशकात ती वाट बंद झाली. आता बहुतेक पिंपं व्हिस्कीसाठीच बनवतात आणि काही काळ शेरी भरून मुरवतात. त्यामुळे चवीत शेरीइतकाच लाकडाचा वाटा असतो. युरोपीय ओकचं लाकूड गडद रंग, तुरटपणा आणि लवंगेची झाक देतं. लाकडात जिरलेली ओलोरोसो शेरी अक्रोड-मनुकांचा वास देते, पेद्रो हिमेनेस खजुराच्या पाकाचा. बर्बनच्या पिंपात वाढलेली व्हिस्की शेवटी अशा पिंपात घालणं म्हणजे फिनिशिंग. गोव्याच्या उष्म्यात लाकूड झपाट्यानं उतरतं. स्कॉटलंडात वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडते, इथे सुमारे आठ. म्हणजे पाच वर्षांत तिसरा हिस्सा गेला. तिथलं वयाचं माप इथे चालत नाही, आणि शेरीच्या पिंपात मुक्काम लांबला की जवाची चव दबते.

यावर आक्षेप असा, की घाईनं पिकलेली व्हिस्की कच्चीच राहते. त्यात तथ्य आहे: लाकडाचा रस लवकर उतरतो, पण दारूची धार मवाळ व्हायला हवा आणि वेळ लागतोच. नेमकी म्हणूनच शेरी इथे धोक्याची ठरते, कारण गोड वासाखाली तो कच्चेपणा सहज लपतो. कसब पिंप निवडण्याइतकंच वेळेवर रिकामं करण्यात आहे. तेव्हा लेबलवर ‘शेरी’ दिसली तरी आधी जवाची चव शोधा; ती लागत नसेल, तर शेरीचे जादा पैसे मोजू नका.