टोक थंड पाहिजे

माणसानं आजारी पडावं, पण आजार चारचौघांत सांगण्यासारखा निवडावा. हृदयविकाराची गोष्टच वेगळी. "माइल्ड अ‍ॅटॅक येऊन गेला," असं म्हणताना माणूस नकळत खुर्चीत जरा ताठ बसतो. मधुमेहवाले लग्नाच्या पंगतीत जिलबीला दोन्ही हात जोडतात, तेव्हा ते हात ऋषिमुनींचे वाटतात. आणि मला काय झालं? मुतखडा! पहिली दोन अक्षरं उच्चारली की ऐकणारा इकडेतिकडे बघायला लागतो. शेवटी आमच्या हिनं त्याचं 'किडनी स्टोन' असं बारसं केलं आणि घराण्याची अब्रू राखली.

कळ मात्र कुठल्याही भाषेत सारखीच येते. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीच वाजता ती प्रथम आली. बसवेना, उठवेना, झोपवेना. मी खोलीत येरझारा घालत होतो आणि दिसेल त्याच्यावर खेकसत होतो. तसा मी एरवीही खेकसतोच. आमच्या घराण्यात केस लवकर जातात आणि डोकं लवकर तापतं. पहिल्यामुळं दुसरं व्हायला सोपं जातं, असा माझा सिद्धांत आहे. माझा आवाज चढायला लागला की ही काही न बोलता पाण्याचा पेला पुढं करते. माणसाला एका वेळी पाणी तरी पिता येतं, नाहीतर भांडता तरी येतं. पेला रिकामा होईपर्यंत मुद्दा विसरलेला असतो. तीस वर्षांचा आमचा संसार या एका तांब्या-पेल्यावर तरला आहे.

बातमी सोसायटीत पसरली आणि उपाय येऊ लागले. पहिल्या मजल्यावरून कुळथाचा काढा आला, दुसऱ्यावरून बार्लीचं पाणी, तिसऱ्यावरून पानफुटीची कुंडीच आली. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी मला जिन्यात गाठून, कानाशी लागून, बिअर सुचवली. "औषध म्हणून हो!" असंही वर म्हणाले. आठ दिवसांत माझ्या पोटात इतक्या पातळ पदार्थांची ये-जा झाली, की मोठं धरणसुद्धा वाहून गेलं असतं. खडा मात्र जागचा हलला नाही. नऊ मिलिमीटरचा होता. मूत्रनलिकेत, भाडं न भरणाऱ्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसला होता.

"काका, लेसरनं फोडू या," डॉक्टर म्हणाले. डॉक्टर इतके तरुण होते, की त्यांचं प्रगतिपुस्तक बघावंसं वाटलं.

लेसर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं सिनेमातला खलनायक आला. टेबलाला बांधलेला नायक, आणि लाकूड कापावं तसा कापत येणारा लाल किरण. मी चेहऱ्यावर ते दिसू दिलं असावं, कारण डॉक्टरांनी कागद ओढला आणि चित्र काढायला घेतलं. चित्र काढून समजावणारे डॉक्टर हल्ली दुर्मीळ. मी खुर्ची पुढं घेतली.

१९६० साली अमेरिकेत थिओडोर मायमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर काढला. मला वाटलं, माणिक बोटात घालण्यापलीकडं कशाच्या तरी उपयोगी पडलं! माझ्या वाट्याला मात्र माणिक नव्हतं, होल्मियम होतं. हे धातूचं नाव स्टॉकहोमच्या लॅटिन नावावरून पडलंय. म्हणजे ज्या गावात नोबेल पारितोषिकं देतात, त्या गावाचा माझ्या मुतखड्याशी संबंध आला. घराण्यात नोबेलच्या इतक्या जवळ कुणी गेलेलं नाही.

हा प्रकाश आत न्यायचा तो काचेच्या तंतूतून. असे तंतू वापरून प्रकाश वळवता येतो हे ज्यांनी दाखवलं आणि 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव रूढ केलं, ते नरिंदरसिंग कपानी आपल्या पंजाबातल्या मोग्याचे. तंतू पाव मिलिमीटरच्या आसपास जाड. माझ्या डोक्यावर शिल्लक असलेल्या केसांपैकी तीन-चार एकत्र वळले तर तेवढी जाडी होईल. पण तो प्रयोग परवडण्यासारखा नव्हता.

"मग एवढ्या उष्णतेनं तो धागा तापत नाही?" मी विचारलं.

डॉक्टरांचा चेहरा खुलला. वर्गातल्या ढ मुलानं अचानक बरा प्रश्न विचारल्यावर मास्तरांचा खुलतो तसा.

"काका, धाग्यातून उष्णता जात नाही, प्रकाश जातो. काच तो जवळजवळ शोषतच नाही. सगळा खेळ टोकाशी आहे. टोकातून बाहेर पडल्यावर जो कोणी तो प्रकाश शोषेल, तो तापेल. होल्मियमचा प्रकाश पाणी फार आवडीनं शोषतं. अर्ध्या मिलिमीटरच्या आतच बहुतेक सगळा पिऊन टाकतं. त्या थेंबाची क्षणात वाफ होते, बुडबुडा होतो, आणि बुडबुड्यातून पुढचा प्रकाश थेट खड्यावर जातो. मोझेससाठी समुद्र दुभंगला होता ना, म्हणून याला मोझेस इफेक्ट म्हणतात."

मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला जायचं? वसुदेवाला यमुनेनं वाट दिलीच होती की! डॉक्टरांनी हे कागदावर टिपून घेतलं. निदान तसं दाखवलं.

"पण टोक थंड ठेवावं लागतं," ते पुढं म्हणाले. "टोकाला रक्ताचा किंवा पेशींचा कण चिकटला, तर तोच प्रकाश शोषतो, जळून काळा होतो, आणि काळा झाला की आणखी शोषतो. मग टोक स्वतःच जळायला लागतं. शिवाय आजूबाजूचं पाणी तापतं. समजा दहा वॅटचा लेसर आहे. घरच्या एखाद्या लहानशा दिव्याएवढाच. पण आत पाणी किती? दोन चमचे, दहा मिलिलिटर धरा. ते वाहतं नसेल, तर एका मिनिटात चौदा अंशांनी तापेल. सदतीसचे एक्कावन्न. आणि त्रेचाळीसच्या पुढं पाणी फार वेळ राहिलं, की नळीच्या अस्तराला इजा व्हायला लागते. म्हणून आम्ही सतत सलाइन सोडत असतो. ते धूळही वाहून नेतं आणि उष्णताही."

"पाण्याऐवजी वारा घालता येत नाही?" मी विचारलं. आता मला चेव आला होता.

"काही लेसरांमध्ये तंतूभोवतीच्या नळीतून वायूचा झोत सोडतात. योग्य जागी तो चालतो. पण १९८०च्या दशकात गर्भाशयाच्या आत अशी वायूनं थंड केलेली टोकं वापरली गेली, तेव्हा वायू रक्तवाहिन्यांत शिरून रुग्ण दगावले. कापणाऱ्या किरणानं नव्हे, थंड करणाऱ्या हवेनं." डॉक्टर क्षणभर थांबले. "म्हणून काका, कशानं थंड करायचं हेही कुठे आहोत ते बघून ठरवावं लागतं."

शस्त्रक्रियेच्या दिवशी पाठीत सुई देऊन माझा कमरेखालचा भाग माझ्यापासून वेगळा करण्यात आला. वरचा भाग मात्र संपूर्ण शुद्धीवर आणि उत्सुक. पडदा मला दिसेल असा वळवला होता. जन्मभर दुसऱ्यांचे सिनेमे बघितले. आतला आपला चित्रपट पहिल्यांदाच बघत होतो. गुलाबी बोगदा, त्याच्या तोंडाशी पिवळट, खडबडीत खडा. शेवटाला पोचलेल्या गुळाच्या ढेपेसारखा. मग काचेचा तो धागा आला. टिक्-टिक्-टिक् असा आवाज सुरू झाला आणि खड्याची भुकटी उडायला लागली. वाहत्या सलाइनबरोबर ती, गणपतीत गुलाल उधळावा तशी, दिसेनाशी होत होती.

आणि एकदम पडद्यावर धुकं दाटलं. भुकटी हलेना.

"पाणी!" डॉक्टर म्हणाले. ओरडले नाहीत. त्याआधीच त्यांचा पाय पेडलवरून उचलला गेला होता आणि टिक्-टिक् थांबली होती. वर टांगलेली पिशवी संपली होती. सिस्टरनं दुसरी लावली. अर्धं मिनिट गेलं असेल. त्या अर्ध्या मिनिटात कुणी काही केलं नाही. नुसतं पाणी वाहू दिलं. पडदा स्वच्छ झाला, मग पाय पुन्हा खाली आला.

बाकी शस्त्रक्रिया छानच झाली. पण माझ्या डोक्यात ते अर्धं मिनिट अडकून बसलं, मूत्रनलिकेतला खडा गेला त्या मुहूर्तावरच.

त्याचं कारण चिपळूणला आहे. आठ वर्षांपूर्वी दादानं वडिलांच्या घरासमोरचा फणस मला न विचारता तोडला. मी फोन लावला. मुद्दा फणसाचा होता, तो शब्दागणिक तापत वाटणीवर गेला, वाटणीवरून आईच्या आजारपणात कुणी काय केलं यावर गेला. मी असं एक वाक्य बोललो की पलीकडून काही उत्तरच आलं नाही. नुसता फोन ठेवल्याचा आवाज. त्यानंतर आम्ही बोललो नाही. आणि त्या दिवशी, हे मला ऑपरेशन टेबलावर आठवलं, ही माहेरी गेली होती. पेला पुढं करायला घरात कुणी नव्हतं. पेडलवरचा पाय उचलायची अक्कल मला स्वतःला असायला हवी होती, ही गोष्ट वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. "धाग्याचं टोक थोडं जळलं होतं," ते सहज म्हणाले. "मग काय केलंत?" "काय करायचं? कात्रीनं तेवढंच कापायचं. उरलेला धागा चांगलाच असतो."

दुपारी दारात छत्री झटकल्याचा आवाज झाला. बघतो तो दादा. हिनं परस्पर कळवलं होतं. आठ वर्षांत पुष्कळ वाळला होता. हातात कापडी पिशवी, पिशवीत कुळथाचं पीठ.

"कसा आहेस?" त्यानं विचारलं.

"बरा आहे. बस ना दादा."

तो बसला. पुढं काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. मग तो खिडकीकडं बघत म्हणाला, "फणसाला आतून वाळवी लागली होती रे. घरावर पडला असता."

आता वास्तविक मी विचारायला हवं होतं, की हे तेव्हा फोनवर सांगायला काय झालं होतं? वाक्य जिभेच्या अगदी टोकाशी आलं होतं. टोक तापायला लागलं होतं. मी हात लांबवून स्टुलावरचा पेला उचलला आणि सगळं पाणी सावकाश पिऊन टाकलं.

"तेव्हा जे बोललो ते बोलायला नको होतं मी," मी म्हटलं.

"हं," दादा म्हणाला. आमच्या घराण्यात याला मिठी मारणं म्हणतात.

ही कोपऱ्यात पिठाची पिशवी उघडून बघत होती. "भाऊजी, आता खडाच गेला. या कुळथाचं काय करू?"

"पिठलं कर," दादा म्हणाला. "आणि जरा झणझणीत कर."

"नको," ही माझ्याकडं बघत म्हणाली, "डॉक्टरांनी टोक थंड ठेवायला सांगितलंय."